रडवायची पिशवी

मी गाळायची पिशवी. पांढऱ्या नायलॉनच्या जाळीची, रुंद तोंडाची, दुहेरी शिवणीची. पिशवी कसली बोलतेय, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी इथंच थांबावं. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही. जिनं मला शिवलं ती फटकळ, जिनं मला निवडलं ती तिच्यापेक्षा फटकळ, मग मी कुणावर जाणार?

डुटीवा गावच्या बाजारात, टॅक्सी थांबतात तिथल्या फुटपाथवर माझा जन्म झाला. तिथं माटोलो नावाची शिंपीण पायमशीन घेऊन बसते. शाळेचे गणवेश, एप्रन, ताटांवर झाकायच्या जाळ्या, असं काहीबाही शिवते. कापडाचा तुकडा फेकायचा म्हटलं की हिच्या जिवावर येतं. जाळ्या शिवून जे कापड उरलं त्याची तिनं एक मोठी पिशवी केली, तीच मी. कशासाठी केली हे तिलाही ठाऊक नव्हतं. "लागेल कुणालातरी," म्हणाली आणि दोरीला अडकवून मोकळी झाली.

त्या दोरीवर आम्ही तिघी होतो. माझ्या डाव्या हाताला कांद्याची लाल पिशवी, भोकं अशी की बोट आरपार जावं. उजव्या हाताला पडद्याच्या झिरझिरीत कापडाची, रेशमासारखी मऊ, नाजूक, नखरेल. येणारीजाणारी तिला गालाला लावून बघायची. लाल पिशवी रोज खपायची, रोज नवी यायची. माझ्याकडं कुणी बघायचं नाही. ना धड जाड, ना धड बारीक. उन्हात लटकून लटकून मला वाटायला लागलं, आपण उगाच जन्माला आलो.

अशात एक दिवस नोफेझिले आली.

डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल, सासरची सून कशी दिसावी तशी. पण चालणं मात्र जोबर्ग शहरातलं, भराभरा. ती तिथल्या कारखान्यात बरीच वर्षं होती, लग्न उशिरा झालं आणि मग नदीपलीकडच्या गावात सासरी आली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की बाई तडक मशीनसमोर येऊन उभी राहिली.

"काय हवंय?" माटोलोनं विचारलं.

"पिशवी."

"कशाला?"

नोफेझिलेनं इकडंतिकडं पाहिलं. घसा खाकरला. "सासूनं मागवलीय. रडवायची पिशवी."

माटोलोनं मशीन थांबवलं. "कुणाला रडवायचंय गं तुला? नवऱ्याला?"

शेजारची केळीवाली फिसकन हसली. नोफेझिलेचा चेहरा पडला. ती खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "आमच्या घरात तो शब्द चालत नाही."

आता यात चूक कुणाची नाही. आमच्याकडं सुनेनं सासरच्या थोरल्या पुरुषांची नावं घ्यायची नाहीत. नावच नाही, नावासारखा आवाज असलेला शब्दही जिभेवर आणायचा नाही. हिच्या सासरच्या मूळ पुरुषाचं नाव ह्लुझानी, आणि गाळणं म्हणजे ह्लुझा. झालं! त्या घरच्या सुनांनी गाळायचं कधी बोलूनच दाखवलेलं नाही. हिच्या सासूला, माद्लोमोला, लग्न होऊन आल्यावर तिच्या सासूनं दुसरा शब्द दिला: रडवणं. घरच्या बिअरीचा चोथा पिळला की थेंब थेंब गळतं, म्हणून. त्या अंगणात सगळ्यांना कळायचं. अंगणाबाहेर कुणाला कळावं?

माटोलोनं डोकं खाजवलं. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "रडवायची! म्हणजे कांद्याची! सरळ बोल की बाई!" आणि तिनं लाल पिशवी काढून हिच्या हातात कोंबली.

नोफेझिलेनं पिशवी उलटीसुलटी केली. जाळी तर जाळीच. घरची बिअर तिनं प्यायली होती, पण केली नव्हती. खरा शब्द उच्चारला असता तर तिथंच निकाल लागला असता, पण तिनं ओठ मिटून घेतले आणि लाल पिशवी घेऊन टॅक्सीत बसली. मी दोरीवरून बघत राहिले. वाटलं, गेली बया. माझी नाही ती.

पुढं काय झालं ते मी तिच्याच तोंडून ऐकलं. आठवड्याभरानं ती परत आली आणि अख्ख्या फुटपाथनं ऐकलं.

गोष्ट अशी होती. हिचा सासरा वारून वर्ष होऊन गेलं होतं. आता त्याला घरी परत आणायचा विधी होता. बैल कापायचा, बिअर करायची, गोठ्यात बसून म्हाताऱ्यांनी त्याला हाका मारायच्या, म्हणजे तो आपल्या माणसांत येऊन बसतो. बैल पुरुषांचा, बिअर बायकांची. आणि ही बिअर सुनेच्या हातची लागते. माद्लोमोकडं गवताची विणलेली गाळणी होती, तिच्या सासूच्या काळातली. ती शेळीनं खाल्ली. अर्धीमुर्धी नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोरीसकट. तसली विणणारी म्हातारी आता गावात उरली नव्हती. म्हणून सुनेला बाजारात धाडलं.

मोठी पिंपं लावायच्या आधी माद्लोमोनं सुनेला एक लहान भांडं करून दाखवायला सांगितलं. मक्याचं पीठ आणि मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं पीठ कालवलं, आंबवलं, शिजवलं, निवलं तसं त्यात पुन्हा ज्वारीचं पीठ घातलं, फसफसू दिलं. इथवर सगळं बरोबर. मग लाल पिशवीत ओतलं. अर्धी फोलपटं बिअरीबरोबर खाली. वर लाल रंगही उतरला. पेल्यात गुलाबी लापशी.

नेमकी तेव्हाच शेजारची मान्ग्वान्या मीठ मागायला आली. ती कशाला आली असेल ते सगळ्यांना माहीत. तिनं पेला हातात घेतला, आत बघितलं आणि म्हणाली, "अगं माद्लोमो, हे प्यायचंय की चावायचंय?"

"लहान भांडं आहे," माद्लोमो म्हणाली. "बघायला केलंय."

"बघितलं की. रंग तर लग्नाचा आलाय." मग नोफेझिलेकडं वळून, "सूनबाई, जोबर्गला खोक्यातली मिळते ना गं? कात्रीनं कोपरा कापला की झालं. हे आपलं अवघडच जायचं तुला."

नोफेझिले लाल पिशवी पिळत राहिली. सुनेनं बोलायचं नसतं. मान्ग्वान्या गेल्यावर माद्लोमोनं पेला जमिनीवर ठेवला. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. ती म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला मी असलं देणार नाही. परवा मोठी पिंपं लागतील. तुला जमत असेल तर या अंगणात लागतील. नाहीतर मान्ग्वान्याच्या अंगणात. ती चांगली करते, मला आवडत नसली तरी."

म्हणजे काय ते समजून घ्या. सासऱ्याची बिअर शेजारणीच्या अंगणात झाली, तर नोफेझिले त्या घरात आयुष्यभर पाहुणी. तिला कुणी हाकलणार नाही. जेवायला घालतील, बोलावतील, हसतील. पण घरची म्हणणार नाहीत. ही गोष्ट तिला सांगावी लागली नाही.

तर ती परत आली, आणि या वेळी रिकाम्या हातानं नाही. झाकणाची बादली घेऊन आली. लहान भांड्यातलं अर्धं अजून गाळायचं होतं, ते तिनं तसंच बादलीत भरून आणलेलं. ते रात्रभर आणखी फसफसलं होतं. टॅक्सीत झाकण उडालं. एका पाद्र्याच्या कोटावर, एका बाईच्या कोंबडीवर आणि ड्रायव्हरच्या मानेवर बिअर उडाली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, बिअर बसून प्यायची असते, अंघोळीला नाही." तिनं झाकण परत दाबलं आणि त्यावर बसली. पार डुटीवापर्यंत.

फुटपाथवर येऊन तिनं बादली माटोलोच्या मशीनसमोर आपटली.

"तू मला कांद्याची पिशवी दिलीस!"

"तूच रडवायची मागितलीस!"

"मला बोलता येत नाही म्हणून तू काहीही देशील?"

"मग बोल ना बाई! इथं तुझी सासू आहे का?"

नोफेझिलेनं फुटपाथवर नजर फिरवली. खरंच, सासू नव्हती. गावातलं कुणी नव्हतं. तो शब्द उच्चारला असता तर कोण सांगायला जाणार होतं? मी तिच्या ओठांकडं बघत होते. ओठ हलले आणि मिटले.

"नाही बोलणार," ती म्हणाली. "पण दाखवीन."

तिनं झाकण काढलं. वास सुटला. आंबूस, दाट, ज्वारीचा, असा की केळीवाली उठून आली, टॅक्सीवाले वळले. माटोलोच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं बिअर! एवढंच होय! आधी वास आणायचास की!" असं म्हणून तिनं ती मऊ झिरझिरीत पिशवी काढली. "ही घे. हिच्यातून कणही जायचा नाही."

नोफेझिलेनं पिशवी रिकाम्या डब्यावर धरली आणि माटोलोला म्हणाली, "ओत." माटोलोनं ओतलं. पिशवी फुगली. गाभण शेळीच्या पोटासारखी फुगली आणि तशीच बसून राहिली. खाली दोन थेंब. नोफेझिलेनं पिळली. चार थेंब, तेही पाण्यासारखे पातळ. बिअरीचा दाटपणा, जो जिभेवर राहतो, तो सगळा आतच अडकला. तिनं आणखी जोर लावला आणि कडेची शिवण टर्रकन उसवली. गालाला लावायला ठीक होती बिचारी. नखऱ्यानं पोट भरत नाही कुणाचं.

"अगदीच बारीक," केळीवाली म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "माझी आई म्हणायची, फोलपट अडलं पाहिजे आणि पीठ गेलं पाहिजे."

"तुझी आई इथं आहे का?" माटोलो खेकसली. उसवलेल्या शिवणीनं तिचं नाक कापलं गेलं होतं.

नोफेझिले दोघींकडंही बघत नव्हती. ती दोरीकडं बघत होती. माझ्याकडं.

मला आधी खात्रीच वाटेना. कितीजणी तशा बघून पुढं गेल्या होत्या. पण हिनं हात वर केला आणि मला खाली ओढलं.

आणि काय बघितलं म्हणता तिनं! दुकानात बायका बघतात तसं रंग नि सौंदर्य नाही. तिनं माझ्या तळाशी पाय ठेवला आणि तोंड दोन्ही हातांनी वर खेचलं, शिवण तुटते का बघायला. नाही तुटली. दुहेरी होती. मला तोंडानं ओलं करून स्वतःच्या पांढऱ्या परकरावर घासलं, रंग उतरतो का बघायला. काय उतरणार, रंग होताच कुठं? बादलीच्या काठावर माझं तोंड ताणून बसवलं, आत पडते का बघायला. बसले मी, टोपीसारखी. मग मूठभर चोथा माझ्यात घेऊन उन्हाकडं धरला आणि एक डोळा मिटून भोकांतून बघितलं. आजवर माझ्यातून कुणी असं बघितलं नव्हतं.

"ओत," ती म्हणाली.

माटोलोनं ओतलं, आणि माझ्यातून बिअर गेली. धार लागली! करड्या दाट दुधासारखी, थांबेना. फोलपटं मी धरून ठेवली, एकही सोडलं नाही. मग नोफेझिलेनं मला पीळ दिला, खांद्यापासून पीळ, कारखान्यात कमावलेल्या हातांनी. माझा धागा न् धागा ताणला. मला वाटलं फाटले. नाही फाटले. आत चोथा असा कोरडा राहिला की मुठीत चुरावा.

डब्यात पेला बुडवून तिनं आधी स्वतः घोट घेतला, मग माटोलोला दिला. माटोलो प्यायली. पेला खाली ठेवून तिनं मिशी पुसावी तसं ओठ पुसले.

"ही मी शिवलीय," ती म्हणाली, जणू नोफेझिलेनं नाही म्हटलं होतं.

केळीवालीनं दोन पेले घेतले. टॅक्सीवाले रांगेनं आले. बादली तिथंच संपली. मला खांद्यावर टाकून नोफेझिले निघाली, आणि माझ्या चोथ्याचं पाणी तिच्या पाठीवरून गळत होतं तरी तिनं मला घडी घातली नाही.

दुसऱ्या दिवशी पिंपं लागली, आणि लागली ती ह्लुझानीच्या अंगणात. माद्लोमोनं मला आधी हातात घेऊन बघितलं, ओढलं, वास घेतला. "नायलॉन," ती म्हणाली. "माझी गवताची होती." मग पीठ फसफसून गाळायचा दिवस आला, तेव्हा पिंपाचं झाकण तिनं स्वतः काढलं.

त्या दिवसाबद्दल मला काय सांगायचं? ते दिवसभराचं काम आहे. एक ओततेय, एक धरतेय, एक पिळतेय. पदर खोचून, बाह्या वर सारून. बायका गाणी म्हणतात, एकमेकींची उणीदुणी काढतात, आणि पिशवी भरते, रिकामी होते, भरते. मान्ग्वान्याही आली होती मदतीला. मदतीला म्हणजे बघायला. तिनं मला पिळायला घेतलं आणि मुद्दाम एवढा जोर लावला की माझा काठ करकरला. मीही अशी घट्ट धरून राहिले की तिचे हात दुखले. "बरी दिसतेय," ती शेवटी म्हणाली. तिच्या तोंडून एवढंही म्हणजे खूप झालं. चोथा डुकरांना आणि कोंबड्यांना गेला. दुपारनंतर कोंबड्या सरळ चालत नव्हत्या.

विधीच्या दिवशी पहाटे मला धुतलं आणि माद्लोमोनं गोठ्याच्या कुंपणावर वाळत टाकलं. बायकांना त्या गोठ्यात जायला बंदी. सुनेनं तर जवळूनही जायचं नाही. पण कापडाला कोण अडवतं? म्हणून पुढचं सगळं मी बघितलं आणि जिच्या जिवाला घोर लागला होता ती मात्र घराच्या भिंतीआड बसून होती.

गोठ्यात म्हातारे बसले, वयाप्रमाणे, पाठ कुंपणाला. बिअर वाटायचं काम सिझाखेलेबाबांकडं. हा माणूस साऱ्या पंचक्रोशीत कुप्रसिद्ध. बिअरीत फोलपट सापडलं की तो ते दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवतो आणि ज्या घरची बिअर असेल त्या घराच्या तीन पिढ्या काढतो. त्याला लाल बिअरीची बातमी लागली होती. कुणी दिली ते मी सांगायला नको.

त्यानं पेला भरला. प्यायला नाही. आत बोट बुडवलं. पेल्याच्या तळापासून वरपर्यंत बोट फिरवलं, बाहेर काढलं, उन्हात धरून बघितलं. शेजारचा म्हातारा पुढं झुकला. "काय सापडलं?"

सिझाखेलेबाबांनी बोट चाटलं. पुन्हा बुडवलं. पुन्हा बघितलं.

माझ्या अंगातून वारा जात होता तरी मी हलले नाही.

"बोलाल का काही, की बोटच पिणार?" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं.

मग सिझाखेलेबाबा प्यायले. लहान घोट नाही. पेला तोंडाला लावला आणि गळ्याची घाटी वरखाली होत राहिली, शेवटपर्यंत. पेला उलटा करून दाखवला. तळाला काही नाही. एक फोलपट नाही.

"दात मोकळे आहेत," ते म्हणाले.

हशा झाला. पेला फिरायला लागला. एक प्यायला, दुसरा प्यायला, कुणी म्हणालं दाट आहे, कुणी म्हणालं जुन्या चवीची आहे, ती म्हातारी करायची तशी. ती म्हातारी म्हणजे माद्लोमोची सासू. तेवढ्यात सिझाखेलेबाबा उठून उभे राहिले, काठी आपटली, आणि भिंतीच्या दिशेनं आवाज दिला, "माद्लोमो! ही तुझी सून कुणाची लेक?"

भिंतीआडून माद्लोमोचं उत्तर आलं. इतका वेळ श्वास धरून बसली असणार, आवाज फाटला तिचा. "म्पिंगा! म्पिंगांची लेक आहे ती!"

आता ऐका. गोठ्यात हाका मारतात त्या घरच्या पूर्वजांना. परक्या कुळाचं नाव तिथं उगाच कुणी घेत नाही. पण सिझाखेलेबाबांनी मान वर केली आणि ते गोठ्याच्या मधोमध उभं राहून तिच्या कुळाची दोन्ही नावं घेत ओरडले, "म्पिंगा! मावेला!" आणि बसलेले सगळे म्हातारे, ज्यांचे दात होते ते आणि नव्हते ते, एका आवाजात म्हणाले, "म्पिंगा! मावेला!" तिच्या बापाचे, आजाचे, पणज्याचे पूर्वज त्यांनी या घरच्या गोठ्यात बोलावून बसवले, तिच्या सासऱ्याशेजारी. बिअर प्यायला.

भिंतीआड बायकांनी असा काही आनंदाचा चीत्कार केला की बैल दचकले. त्या चीत्कारात मान्ग्वान्याचाही आवाज होता. तो मी ओळखला.

मग नोफेझिले दिसली. भिंतीच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली, गोठ्यापासून लांब, डोकं झुकवून, सुनेनं उभं राहावं तशी. रुमालाची गाठ सुटली होती. ती बांधायचं तिला भान नव्हतं. माद्लोमो तिच्यामागून आली, गाठ तिनंच बांधली, जरा जास्तच घट्ट, आणि म्हणाली, "उभी काय राहिलीस? पिंपं तुझी आहेत. बघ काय उरलंय ते."

तुझी, म्हणाली. मी ऐकलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माद्लोमो गेली. तिला घरी आणायच्या विधीची बिअर नोफेझिलेनं केली, माझ्यातूनच. मी आता पांढरी नाही, ज्वारीच्या रंगाची झालेय. एक कोपरा दोनदा शिवलाय. नदीच्या दोन्ही काठांवरून बायका येतात, हिला विचारतात, कसली पिशवी घेऊ? ती त्यांना तोंडानं सांगत नाही. "बादली घेऊन बाजारात जा," म्हणते. "ओतून बघ. पिळून बघ. दुकानदारीण ओरडली तर ओरडू दे."

माझंही तेच सांगणं आहे. गालाला लावून काही निवडू नका.

आणि एक. आमच्याकडं कधी आलात तर बिअर उभ्यानं पिऊ नका, खाली बसा. पेला दोन्ही हातांनी घ्या. दाट, आंबूस, एकही फोलपट नसलेला घोट घशाखाली उतरला, की पेला परत द्यायच्या आधी विचारा, ही कुणाच्या हातची? भिंतीआडून कुणीतरी बाई कान देऊन बसलेली असते. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारा.